कॅल्शियम वाढलं होतं, पण गडबड दुसरीकडेच होती

पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला कॅल्शियम वेगळं शिकवावं लागत नाही. संकरित गाय व्याली, दुसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसली, कान थंडगार पडले, की आमच्यातला कोणीही सांगेल, दुधी ज्वर. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली कोमट करायची, शिरेतून सावकाश सोडायची आणि एक कान गाईच्या छातीशी ठेवायचा. घाई केली तर हृदय बंद पडतं. नीट दिली तर बाटली संपता संपता गाय ढेकर देते, शेण टाकते आणि धडपडत उभी राहते. गोठ्यात जमलेल्या बायामाणसांसाठी तो चमत्कारच असतो. म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अशक्तपणा आला की कॅल्शियम कमी झालं, हा हिशेब माणसांनाही लावतात. मलाही लावला गेला.

मी पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव मोटारसायकलवर फिरणं, लसीकरण, कृत्रिम रेतन, कानातले बिल्ले. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, माणसं शेतात आणि जनावरं घरी, म्हणून लाळ्या-खुरकूतची लस द्यायला तेव्हा बरं पडतं. त्या हंगामात माझ्यातला जोर उतरत गेला. पँट कमरेवर राहीना. उकिडवा बसून उठलो की डोळ्यांपुढं अंधारी. आणि रंग काळवंडत चालला. मुळात मी गोरा नाही, पण हा काळेपणा वेगळाच होता. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर, तळहाताच्या रेषांमध्ये शाई भरल्यासारखा. लोकांना तो उन्हाचा वाटला. एका म्हातारीनं तर तोंडावरच सांगितलं, "डॉक्टरसाहेब, तुमी तं पार वाळून रायले जी. उन्हात फिरू नोका इतके."

बायकोच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत खार उरत नव्हता. मी फोडी ठेवून खार पीत होतो. दह्यात मीठ, ताकात मीठ, कच्च्या चिंचेला मीठ. "अहो, गोठ्यातल्या मिठाच्या विटा तरी सोडा," असं ती हसत म्हणाली. तो विनोद नव्हता, निदान होतं, हे आम्हाला कुठं माहीत.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ९० वर ६०. हिमोग्लोबिन बरं, साखर कमीकडे. अंगदुखी आणि थकवा म्हटल्यावर त्यांनी सहा लाख युनिटचं व्हिटॅमिन डीचं इंजेक्शन दिलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. आमच्याकडे दहातल्या आठ जणांना हेच मिळतं आणि बहुतेकांना त्यानं काही वाईट होत नाही.

मला झालं. त्यानंतरच्या आठवड्यांत बद्धकोष्ठ जडलं, घसा सारखा कोरडा, रात्रभर लघवीला उठणं, भाकरीच्या वासानंच मळमळ. सगळ्यात भीती वाटली ती डोक्याची. जनावराच्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. मी ते वाचून मोबाइलमध्ये भरायचो आणि सातव्या-आठव्या आकड्याला सुरुवात विसरायचो. ज्या माणसानं वर्षानुवर्षं हेच काम केलं त्याला आकडे धरता येत नाहीत म्हणजे काय होतं, ते लिहून कळायचं नाही.

मग एका गोठ्यातच चक्कर येऊन पडलो. यवतमाळला नेलं. रक्ताचा कागद हातात आला तेव्हा मी तो आधी पशुवैद्यकाच्या नजरेनं वाचला. कॅल्शियम १२.६. माणसाचं साधारण ८.५ ते १०.५ असतं. सोडियम १२४, म्हणजे बरंच खाली. पोटॅशियम ५.९, म्हणजे वर. क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडाचं कामही मंदावलेलं. एवढी वर्षं कमी कॅल्शियमची जनावरं उठवली आणि इथं माझंच जास्त झालेलं.

तिथल्या फिजिशियननी कॅल्शियम आणि डी दोन्ही त्याच दिवशी बंद केलं आणि सलाइन लावलं. दोन बाटल्यांत तरतरी आली, पण कॅल्शियम ११.८ च्या खाली उतरेना. मग पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची तपासणी. मानेत थायरॉइडच्या मागं मुगाच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांचा पहारा. कॅल्शियम घसरलं की त्या पीटीएच नावाचं हे संप्रेरक सोडतात, हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. त्याच बिघडल्या असत्या तर पीटीएच वाढलेलं दिसलं असतं. माझं ६ आलं, १५ ते ६५ च्या हिशेबात जवळजवळ झोपलेलं. म्हणजे पहारेकरी आपलं काम नीट करत होता. कॅल्शियम जास्त आहे म्हणून तो गप्प बसला होता. कॅल्शियम येत होतं दुसरीकडून.

हे कळल्यावर सुटका वाटायला हवी होती, पण झालं उलटं. पीटीएच दबलेलं असताना कॅल्शियम वर असेल तर डॉक्टर पहिल्यांदा कॅन्सर शोधतात, आणि ते बरोबरच आहे. मज्जेचा कॅन्सर नाही ना म्हणून रक्तातल्या प्रथिनांची तपासणी झाली, छातीचा एक्सरे झाला. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. मेहुण्यानं मला न सांगता नागपूरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. संप्रेरकांच्या तज्ज्ञ, मॅडम. आमच्या भागातून मोठा आजार म्हटला की सेवाग्राम किंवा नागपूर, तिसरा रस्ता नाही.

मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी हात मागितला. तळहात ताणून उजेडाखाली पाहिला. मग ओठ उलटा करून हिरड्या पाहिल्या. तिथं निळसर-काळे डाग होते, मी कधी पाहिलेच नव्हते. झोपवून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. वरचा आकडा वीसहून जास्त घसरला. मग तीन प्रश्न. खारट खावंसं वाटतं का? सांधेदुखीसाठी कुठली पुडी घेता का? घरात कधी टीबी होता का?

पुडीच्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला. आमच्याकडे गुडघेदुखीवर कागदात बांधून भुकटी देणारे आहेत आणि अशा भुकटीत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. डेक्सामेथासोन आमच्या पेटीतही असतं, त्याचा गुण आणि अवगुण मी जाणतो. बाहेरून महिनोन्‌महिने स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं आणि पुडी अचानक थांबली की माणूस कोसळतो. निंदण-वेचणीच्या बायांची तोंडं गोल होतात, पाठी वाकतात, मणके चेपतात, यातल्या काहींच्या मागं ही पुडी असते असं माझं ठाम मत आहे. पण मी पुडी घेत नव्हतो. टीबी मात्र घरात होता. मी लहान असताना बाबांना झाला होता, वर्षभर त्यांची थाळी वेगळी होती.

"तुमचं कॅल्शियम हा आजार नाही," मॅडम म्हणाल्या. "ॲड्रिनल संपली असावी. कॅल्शियम तिच्यामुळं वाढलंय."

ॲड्रिनल म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अधिवृक्क ग्रंथी. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक, वजन चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या सालीत कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनतं, आणि अल्डोस्टेरॉन बनतं, जे मूत्रपिंडाला सांगतं की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोड. साल खलास झाली की मीठ लघवीतून वाहून जातं, बीपी पडतं, पोटॅशियम चढतं. लोणच्याच्या खाराचा हिशेब इथं लागला. काळेपणाचाही लागला. कॉर्टिसॉल मिळत नाही म्हणून मेंदूखालची पियुषिका ग्रंथी ॲड्रिनलला कामाला लावणारं एसीटीएच ओतत राहते आणि तेच रेणू कातडीतल्या रंगपेशींना डिवचतात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसननं हा आजार १८५५ साली लिहून ठेवला, आणि तेव्हाच्या रोग्यांत ग्रंथी खाणारा मुख्यतः टीबीच असायचा. श्रीमंत देशांत आता बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. आपल्याकडं टीबी अजून यादीत वर आहे.

मला खरा प्रश्न कॅल्शियमचा होता आणि मी तो सोडला नाही. मीठ गेलं हे समजलं, पण कॅल्शियम का चढावं? मॅडमनी जे सांगितलं ते मी घरी येऊन पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. कॉर्टिसॉल एरवी कॅल्शियमला लगाम घालतं. आतड्यातून ते जास्त शोषू देत नाही, मूत्रपिंडातून थोडं बाहेर जाऊ देतं. लगाम सुटला की रक्तात कॅल्शियम जमतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. पाणी कमी असलं की मूत्रपिंड सोडियम ओढून धरायला बघतं आणि सोडियमबरोबर कॅल्शियमही परत आत येतं. रक्त गाळण्याचा वेगही मंदावतो, माझं १.६ क्रिएटिनिन तेच सांगत होतं. हाडांतूनही कॅल्शियम जास्त सुटतं. ॲडिसनच्या सगळ्याच रोग्यांचं कॅल्शियम वाढत नाही, थोड्यांचंच वाढतं. माझ्यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. एक, ते सहा लाखांचं इंजेक्शन. दुसरी, टीबी स्वतः, जो पुढं तपासणीत निघाला. टीबीच्या गाठीतल्या पेशी मूत्रपिंडाला न विचारता व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप बनवतात आणि त्यानंही कॅल्शियम चढतं. कुठल्या गोष्टीचा वाटा किती, हे मॅडमनी सांगायचं टाळलं. त्यांचं म्हणणं, उपाय एकच आहे, तर वाटणी कशाला करायची.

याची दुसरी बाजू मला जास्त गंमतीची वाटली. अल्डोस्टेरॉन बनवायला त्या ग्रंथीला स्वतःला कॅल्शियम लागतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की ग्रंथीच्या पेशीच्या भिंतीवरचा विजेचा ताण कमी होतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. आत त्याचं प्रमाण बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढंच ठेवलेलं असतं, म्हणून चिमूटभर आलं तरी पेशीला हुकूम पोहोचतो आणि अल्डोस्टेरॉनचा कारखाना सुरू होतो. अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरकही हाच हुकूम देतं, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवून. म्हणजे कॅल्शियम ग्रंथीला कामाला लावतं आणि ग्रंथीचा माल पुढं कॅल्शियमवर नजर ठेवतो. मॅडमनी उलटं टोकही सांगितलं. ज्यांच्यात अल्डोस्टेरॉन उतू जातं त्यांचं बीपी चढतं, लघवीतून कॅल्शियम वाहतं आणि मानेतल्या त्या चार ग्रंथी घाबरून पीटीएच वाढवतात. ते पीटीएच पुन्हा अल्डोस्टेरॉनला चिथावतं. ज्यांच्यात कॉर्टिसॉल जास्त त्यांची हाडं भुसभुशीत. पुडीवाल्या बायांच्या पाठी इथं येऊन बसतात.

तपासणीची सकाळ लक्षात राहिली ती बर्फामुळं. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, म्हणून रक्त तेव्हाच घेतात. एसीटीएच मात्र नाजूक, उबेत लगेच नासतं. तंत्रज्ञ मुलानं थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा चुरा भरून ठेवला होता, जांभळ्या टोपणाची नळी त्यात आधीच खोचलेली. रक्त भरलं, नळी दोनदा उलटी-सुलटी केली, बर्फात रोवली आणि डबा घेऊन तो जिन्यानं जवळजवळ पळत खाली गेला. लसीची शीतपेटी मी नोकरीभर वागवली आहे. त्याचं ते पळणं पाहून माझा जीव त्याच्यावर बसला. कॉर्टिसॉल आलं २.१. सकाळी ३ च्या खाली आलं की शंका जवळजवळ उरत नाही. एसीटीएच वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट. इंजेक्शन देऊन ग्रंथीला डिवचून पुन्हा रक्त घेतलं, तरी आकडा जागचा हलला नाही.

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी फुगलेल्या, आणि आत पांढरे ठिपके. रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, हे कॅल्शियम. जुना टीबी जिथं घर करतो तिथं चुना साचतो. रक्तात नको तेवढं आणि मेलेल्या ग्रंथीतही. सुईनं नमुना काढला, टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनमध्ये टीबी निघाला. ऑफिसमधल्या मित्रांनी लगेच विचारलं, गाईचा आला काय? ती मशीन माणसाचा टीबी आणि गाईचा टीबी वेगळा काढून सांगत नाही. बाबांकडून आलेला इतकी वर्षं दबून बसला असेल, हे जास्त पटतं. तरी तेव्हापासून कच्चं दूध तोंडाला लावत नाही, मग यजमान कितीही आग्रह करो.

औषध सुरू झालं ते हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शननं आणि सलाइननं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. नुसती भूक नाही, वांग्याची भाजी आणि भाकर डोळ्यांपुढं दिसायला लागली. बायको दवाखान्याच्या बाहेरच्या खानावळीत धावली. कॅल्शियम दिवसागणिक उतरत आठवड्याच्या आत १० वर आलं, वेगळं कुठलंही औषध न देता. हे औषध माणसाच्या हाती यायला विसावं शतक अर्धं जावं लागलं. याच घराण्यातलं कॉर्टिसोन १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर पहिल्यांदा वापरलं गेलं (आपलं नागपूरचं मेयो नव्हे) आणि त्या कामाला १९५० सालचं नोबेल मिळालं. त्याच्या आधी माझ्यासारख्याचं आयुष्य निदानानंतर फार थोडं उरायचं.

गुंतागुंत पुढं होती. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं आणि ते यकृताला असं कामाला लावतं की कॉर्टिसॉल भराभर फस्त होतं. ॲड्रिनल गेलेल्या माणसाला नुसत्या टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर तो त्यातच कोसळू शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग टीबीच्या गोळ्या, आणि त्या चालू असेपर्यंत हायड्रोकॉर्टिसोनचा डोस नेहमीपेक्षा जास्त. सकाळी उठल्या उठल्या मोठा, दुपारी छोटा, संध्याकाळी त्याहून छोटा. मीठ धरण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनची ०.१ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी. टीबीच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून फुकट मिळाल्या, टीबीच्या रोग्यांसाठीच्या सरकारी निक्षय योजनेचे पैसे खात्यात जमा झाले. पण फ्लुड्रोकॉर्टिसोन तालुक्याच्या एकाही मेडिकलमध्ये नव्हती. औषधवाला म्हणाला, "भाऊ, हे नावच पैल्यांदा आयकून रायलो मी." आता तो माझ्यासाठी नागपूरहून मागवतो आणि मी एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या ठेवतो.

एप्रिल-मे आमच्याकडं कसा असतो ते सांगायला नको. घामातून मीठ जातं, म्हणून मॅडमनी उन्हाळ्यात मीठ मोकळं खायला सांगितलं. सबंध गावात डॉक्टरनं मीठ वाढवायला सांगितलेला मी एकटाच असेन. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट, उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. पावसाळ्यात तापानं फणफणलो तेव्हा हे करावं लागलं. इंजेक्शन बायकोनं मांडीत दिलं. आमच्या घरात सुई म्हणजे नवलाई नाही, वासराला टोचताना तिनंच वासरू धरलेलं असतं. तिचा हात थरथरला नाही, माझी मांडी मात्र थरथरली.

टीबीच्या गोळ्या संपल्यावर हायड्रोकॉर्टिसोन हळूहळू खाली आणलं. रिफाम्पिसिन गेलं की तोच डोस जास्त ठरतो, आणि जास्त झालं की हाडांतून कॅल्शियम झिरपायला लागतं. म्हणजे आधी कमी पडून कॅल्शियम चढलं, आता जास्त देऊन हाडं पोखरायची, असं होऊ नये म्हणून मॅडम दर भेटीत डोस पारखून घेतात. शेवटचं कॅल्शियम ९.४, सोडियम १३८. हिरड्यांचे डाग फिके झालेत, तळहाताच्या रेषा अजून थोड्या काळ्या आहेत. ग्रंथी परत येत नाही. लक्षणं दिसेपर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त साल गेलेली असते, त्यामुळं गोळ्या जन्मभराच्या.

गावातले भेटले की विचारतात, आता कॅल्शियमच्या गोळ्या घेता की नाही. नाही घेत. हाडांच्या घनतेची तपासणी झाल्यावर गरज दिसली तर मॅडम सांगतील, तोवर दूध, तीळ आणि शेवग्याचा पाला. बिल्ल्यांचे बाराही आकडे आता एका दमात भरतो. आणि दुधी ज्वराची गाय आली की बाटली लावायला आजही मीच जातो. गाईचं कॅल्शियम खरंच कमी झालेलं असतं.